निळा डबा

मागच्या महिन्यात जुन्या पुणे नाक्याजवळच्या पंपावर पेट्रोल भरत होतो. शाळेतला एक मित्र भेटला, सात-आठ वर्षांनी. त्याने बाइकच्या मागच्या सीटवर बांधलेला निळा डबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आवाज एकदम मऊ केला आणि म्हणाला, "काय बे, कंपनीतनं काढलं का? झोमॅटोला लागलास?"

म्हटलं, "नाही बे, रक्त आहे त्यात."

तो दोन पावलं मागे सरकला. पेट्रोल भरणारा पोरगापण.

तर हा डबा. बऱ्याच दिवसांपासून याच्यावर लिहायचं होतं, पण लिहायला बसलं की त्यातली एक गोष्ट सांगावी लागणार हे माहीत होतं आणि ती सांगायची नव्हती. आज सांगतो.

२०२१मध्ये वर्क फ्रॉम होममुळे मी दीडेक वर्ष सोलापुरात घरी होतो. त्या काळात कोण काय करत होतं आठवतंय ना... कोणी ऑक्सिजन सिलिंडर शोधत होतं, कोणी इंजेक्शन. आम्ही पाच-सहा जण बाइकवरून औषधं, रिपोर्ट, डबे पोचवत होतो. लाट ओसरली, बाकीचं सगळं थांबलं, पण रक्ताचे फोन थांबले नाहीत. आम्ही आपले उचलत राहिलो. आता सात जण आहोत. दोघं आयटीवाले (शनिवार-रविवारचे कार्यकर्ते!), एक मेडिकल दुकानवाला, एक शाळामास्तर, एकाचा चादरीचा कारखाना आहे, एक बेकरीवाला. आणि काका. काका रक्तपेढीतून रिटायर झालेले टेक्निशियन. ते बाइक चालवत नाहीत, आम्हाला चालवतात. ग्रुपला नाव नाही, टी-शर्ट नाही, नोंदणी नाही. काम एवढंच, की कुणाला रक्ताची पिशवी लागली आणि आणायला माणूस नसला तर आम्ही आणून द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. पेट्रोलचेसुद्धा.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेशंटला रक्त लागलं की डॉक्टर फॉर्म भरतात, सिस्टर पेशंटचं थोडं रक्त ट्यूबमध्ये काढते, आणि फॉर्म-ट्यूब दोन्ही नातेवाइकाच्या हातात देतात. आता पळा! सिव्हिलसारख्या मोठ्या ठिकाणी स्वतःची रक्तपेढी असते. छोट्या नर्सिंग होमला कुठली असणार? मग दमाणी, हेडगेवार, जिथे मिळेल तिथे जायचं. तिथे गट तपासतात, मग क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त आणि पेशंटचं रक्त एकमेकांशी भांडत तर नाही ना ते बघणं. याला पाऊण तास-तास धरा. मग पावती, मग पिशवी, मग परत.

म्हणजे आपल्याकडे रक्त पोचवणारे स्वयंसेवक आधीपासूनच आहेत. त्यांना नातेवाईक म्हणतात. ते अक्कलकोटच्या पुढच्या खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेले असतात, त्यांना सात रस्ता कुठे आणि अशोक चौक कुठे हे माहीत नसतं, कधीकधी फक्त कन्नड येत असतं, दोन रात्री झोपलेले नसतात, आणि आत आपलं माणूस आहे या भीतीने त्यांना धड ऐकूसुद्धा येत नसतं. अख्ख्या हॉस्पिटलात ज्याची डोकं शांत ठेवायची परिस्थिती सगळ्यात कमी, नेमक्या त्याच माणसाला आपण हे काम देतो.

हे मी घरात बघितलंय. २०१८च्या डिसेंबरात आत्याचं ऑपरेशन होतं. मी पुण्यात, कुठल्यातरी भिकार रिलीजमध्ये अडकलेलो. रात्री एक वाजता बाबांच्या हातात ट्यूब दिली. बाबा एसटीत कंडक्टर होते, अख्खा जिल्हा पाठ, पण रक्तपेढीत आयुष्यात गेले नव्हते. फॉर्मवर एक सही नव्हती म्हणून परत पाठवलं, सही घेऊन पुन्हा गेले. शेवटी पिशवी मिळाली तेव्हा अडीच वाजले होते. बाहेर थंडी. बाबांनी काय करावं? पिशवी मफलरमध्ये गुंडाळली आणि स्वेटरच्या आत, पोटाशी धरून रिक्षात बसले. "गार पडलं असतं ना रे!" दहा मिनिटांचं अंतर होतं म्हणून निभावलं. रक्ताला दोन ते सहा डिग्री लागते, हे त्यांना सांगितलंच कुणी नव्हतं. मलापण तेव्हा माहीत नव्हतं.

असो.

हे सरकारला सुचलं नव्हतं असं नाही. आधी सिंधुदुर्ग आणि साताऱ्यात करून बघितलं आणि मग ७ जानेवारी २०१४ला महाराष्ट्र सरकारने सगळ्या राज्यासाठी 'जीवन अमृत सेवा' सुरू केली. लोक 'ब्लड ऑन कॉल' म्हणायचे. १०४ नंबर फिरवायचा, आणि चाळीस किलोमीटर किंवा एका तासाच्या अंतरात असाल तर मोटारसायकलवाला थंड डब्यातून रक्त हॉस्पिटलात आणून देणार. नातेवाइकाने जागचं हलायचं नाही. माझ्या मते, कागदावर ही महाराष्ट्राने काढलेल्या सगळ्यात शहाण्या योजनांपैकी एक होती. १ एप्रिल २०२२पासून ती बंद झाली. कारण, प्रतिसाद कमी. मला यात आश्चर्य नाही, वाईट वाटतं. फोन हॉस्पिटलने करायचा, आणि दाराबाहेर फुकटात पळायला तयार नातेवाईक उभा असताना हॉस्पिटल फोन कशाला करेल?

ब्रिटनमध्ये उलट आहे. तिकडे 'ब्लड बाइक्स' म्हणून प्रकार आहे, 'सर्व्ह' नावाची संस्था १९८१पासून हे करते. दिवसभर नोकरी करणारी माणसं रात्री आणि वीकेंडला स्वतःहून ड्यूटी लावून घेतात. रक्त, तपासणीचे नमुने, अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दान आलेलं आईचं दूधसुद्धा नेतात. नाहीतर हॉस्पिटलला टॅक्सी करावी लागते. तिथे फोन हॉस्पिटल करतं आणि डबा हॉस्पिटलच्याच माणसाच्या हातात जातो. पेशंट कोण हे रायडरला कळतही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार रुक्ष वाटलं होतं. आता नाही वाटत.

ऑफिसात हे सगळं सांगितलं की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी "ड्रोन" म्हणतंच. :) हो बाबांनो, रवांडात २०१६पासून ड्रोनने रक्त जातं, आपल्याकडे आयसीएमआरने २०२३च्या मे महिन्यात दिल्लीजवळ ड्रोनमधून रक्ताच्या पिशव्या नेऊन बघितल्या. होईल तेव्हा होईल. पण आपल्याकडे वेळ हवेत जातच नाही. मी एका रात्रीच्या नोंदी ठेवल्या होत्या, सवयीने, लॉग लिहितात तशा. पहिला फोन ९:४०. फॉर्म हातात १०:०५. ट्यूबवर 'सुरेखा' आणि फॉर्मवर 'सुलेखा', म्हणून सँपल परत. नवीन सँपल ११:१०. क्रॉसमॅच होऊन पिशवी १२:२०. हॉस्पिटल १२:३३. म्हणजे जवळजवळ तीन तासांत माझी बाइक रक्त घेऊन पळाली ती तेरा मिनिटं. ती मी जीव तोडून मारली असती तर आठवर आली असती. (नाव बदललंय, गोंधळ खरा आहे.)

तरी पहिली दोन वर्षं मला ती तेरा मिनिटंच दिसायची. खोटं कशाला बोलू, मजा यायची. रात्रीचा रिकामा रस्ता, मागे डबा, आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. दिवसभर दुसऱ्या देशातल्या कुठल्यातरी कंपनीच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधले बग काढणाऱ्या माणसाला हे वाटणं किती गोड असतं, ते तुम्हाला सांगायला नको. भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांची आठवण काढायचो, मनातल्या मनात सलाम ठोकायचो. सोलापूरचा पोरगा, १९३८मध्ये चीनला गेला, तिथे लढाईत जखमींवर ऑपरेशनं केली आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारला, बत्तिसाव्या वर्षी. ज्या हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले ते नॉर्मन बेथून यांच्या नावाचं. आणि या बेथूनने १९३६मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात काय केलं होतं? माद्रिदमध्ये लोकांकडून रक्त घेऊन, बाटल्यांत भरून, फ्रिज बसवलेल्या गाडीतून थेट आघाडीवर न्यायची सोय केली होती. कोटणीस पोचेपर्यंत बेथून वारले होते, दोघांची भेट झालीच नाही. पण म्हटलं ना, डब्याचा आणि आपल्या गावाचा संबंध असा लांबून का होईना लागतो. मला तेवढा पुरायचा.

आता ती गोष्ट.

२०२२चा ऑक्टोबर, डेंग्यूचे दिवस. शनिवारी दुपारी काकांचा फोन आला. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची, प्लेटलेट्स नऊ हजार, हिरड्यांतून रक्त येतंय. आपल्याकडे दीड लाखाच्या वर असतात, म्हणजे बघा. तिच्यासाठी एसडीपीची पिशवी तयार होती. एसडीपी म्हणजे एकाच दात्याला तासभर, दीड तास मशीनला जोडून त्याच्या फक्त प्लेटलेट्स काढून घेतात आणि बाकीचं रक्त परत देतात. दहा-अकरा हजारांची पिशवी असते. दाता कोणीतरी कॉलेजचा पोरगा होता, मी पोचलो तेव्हा बिस्किटं खात बसला होता. मला अंगठा दाखवला त्याने.

काका त्या दिवशी लग्नाला गेले होते. रक्तपेढीतल्या माणसाने पिशवी दिली, "रूम टेंपरेचर" असं काहीतरी म्हणाला, मी "हो हो" म्हटलं. मागे चार माणसं उभी होती, फोन वाजत होता. बाहेर ऊन रणरणत होतं. ऑक्टोबर हीटमध्ये सोलापूर कसं असतं ते सोलापूरकरांनाच माहीत. मी आपला शहाणा. रक्त म्हणजे थंड, एवढं दोन वर्षांत शिकलो होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाचे दोन पुडे घेतले, एक खाली, एक वर, मध्ये पिशवी, डबा बंद. आणि सुटलो.

एक तास पाच मिनिटं. ट्रक, ट्रॅक्टर, गतिरोधक सगळं धरून. दारात उतरलो तेव्हा हात थरथरत होते, आणि मी मनात आकडा घोळवत होतो. एक तास पाच मिनिटं! मुलीचे वडील रस्त्यावरच उभे होते. त्यांनी मला हात जोडले.

सिस्टरने डबा उघडला. पिशवीला हात लावला आणि हात तसाच राहिला. "बर्फात आणली?"

डॉक्टर आले. रक्तपेढीला फोन लावला. मी बाजूला उभा, त्यांचं एका बाजूचं बोलणं ऐकत. "हो... पूर्ण थंड... तासभर... हं... हं... नाही, रिस्क नको." फोन ठेवला. माझ्याशी ते वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "प्लेटलेट्सना बावीस डिग्री लागते हो, वीस ते चोवीस. आणि सारख्या हलत्या ठेवतात. थंड झालेल्या दिल्या तर शरीर लगेच बाहेर काढून टाकतं." पिशवी वाया गेली. दात्याचा दीड तास, बापाचे पैसे, आणि मुलीचा वेळ. वेळ वाचवायला गेलो होतो मी.

दुसरी पिशवी रात्री आठच्या पुढे आली. चादरीच्या कारखान्यातला मित्र घेऊन आला, सावकाश, बर्फाशिवाय. ती चढवली. मुलगी वाचली, पाचव्या दिवशी घरी गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही ताटकळत बसायला नको. पण दुपारी चार ते रात्री आठ हे मला माहीत नव्हतं. मी हॉस्पिटलसमोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. घरी जाणं शक्य नव्हतं, आत जायची हिंमत नव्हती. सहाच्या सुमाराला तिचे वडील बाहेर आले. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि खरं सांगतो, बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ते दोन कप चहा घेऊन आले होते. माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "लई पळत आलता तुम्ही. जेवलाव का?"

मला तो चहा गिळता येईना.

नंतर बरेच दिवस नेटवर वाचत बसायचो, स्वतःला सोडवायला. सापडलंसुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने २०२३मध्ये, नेहमीच्या प्लेटलेट्स मिळणं शक्य नसेल तेव्हा भळाभळा रक्त जाणाऱ्या पेशंटला फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्लेटलेट्स द्यायला परवानगी दिली आहे, चौदा दिवसांपर्यंतच्या. मी काकांना ही लिंक पाठवली. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग भेटल्यावर म्हणाले, "ते ठरवून थंड करतात. तू न विचारता केलीस." विषय संपला.

त्यांनी मला काढलं नाही. महिनाभर बाइक बंद केली आणि हॉस्पिटलात उभं केलं. काम काय, तर ट्यूबवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एकच आहे का बघायचं, डॉक्टरांची सही, गट, वॉर्ड, तारीख. आणि नातेवाइकाला खुर्चीत बसवायचं. बास. अत्यंत कंटाळवाणं काम. आणि वर सांगितलेल्या त्या तीन तासांतला तास-सव्वा तास या कामाने वाचतो, हे मला तिथे उभं राहून कळलं. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे बाइकवर बसून दोन वर्षांत दिसलं नव्हतं. तेव्हापासून आमच्यात नियम आहे, एकजण बाइकवर, एकजण हॉस्पिटलात. दोघं नसतील तर बाइक नको, हॉस्पिटलवाला हवा. पिशवी रिक्षानेही येते.

मी ॲपपण बनवलं होतं, हे सांगायचं राहिलं. तीन वीकेंड घालवून. नकाशा, नोटिफिकेशन, कोण मोकळा, सगळं होतं. काकांनी बघितलं, छान म्हणाले, आणि त्यांची ती लाल वही काढून त्यात फोन नंबर लिहायला लागले. ॲप अजून माझ्या फोनमध्ये आहे. युजर एक.

डब्याच्या झाकणावर आतून आता काकांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, वर सेलोटेप. 'लाल: बर्फ हवा, पिशवीला टेकू देऊ नये. प्लाझ्मा: गोठलेला तसाच न्यावा. प्लेटलेट: बर्फ नाही. नाही म्हणजे नाही.' उन्हाळ्यात प्लेटलेट्स न्यायच्या तर एसीच्या खोलीत ठेवलेली जेलची पाकिटं वापरायची. मेमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत नुसता डबा कामाचा नाही. आणि रात्री शहराबाहेर साठच्या वर जायचं नाही. नोव्हेंबरपासून ऊस सुरू होतो, बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. बेकरीवाला एकदा त्यात जाता जाता राहिला. त्याच्या बायकोने आता फक्त शहरातली ड्यूटी मंजूर केली आहे, आणि तिचं बरोबर आहे.

आमची आई अजून कुरकुरते. आठवडाभर पुण्यात, शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने घरी यायचं आणि शनिवारी हे. "लग्नाचं बघायला आलेली माणसं विचारतात, मुलगा वीकेंडला काय करतो. काय सांगू?"

परवाचा शनिवार. रात्री साडेअकराला काकांचा फोन, विजापूर रोडच्या बाजूला न्यायचं होतं. मास्तर आधीच हॉस्पिटलात पोचले होते, नाव-सही बघून झालं होतं. मी हेल्मेट शोधत होतो. बाबा उठून बाहेर आले, डबा पुसला, झाकण उघडून कोरडा आहे का बघितला. फ्रिजपाशी गेले आणि दारावर हात ठेवून उभे राहिले.

"आज बर्फाचं आहे का बिनबर्फाचं?"

"बिनबर्फाचं."

"नक्की? फोन करून विचार एकदा."

मी विचारलं.